बागेतील तळ्याचा तोल

घरामागे चार हात मोकळी जागा असली म्हणजे तेथे एखादे लहानसे तळे असावे, त्यात दोनचार कुमुदे फुलावीत, पाण्यावर चतुर भिरभिरावेत आणि पावसाळ्याच्या रात्री बेडकांचा आवाज कानी यावा, अशी हौस पुष्कळांना असते. ही हौस फारशी खर्चाची नाही. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि मध्यभागी दोन-अडीच फूट खोल असा खड्डा, पाणी न गळू देणारा तळ, त्यावर थोडी माती आणि पाणी, एवढ्यावर ती भागते. परंतु तळे खणणे जितके सोपे तितके ते राखणे सोपे नाही, असाच बहुतेकांचा अनुभव. पहिल्या महिन्यात पाणी हिरवेगार होते. दुसऱ्या महिन्यात संध्याकाळी डासांची गुणगुण वाढते. मग तळ्याचा धनी सारे पाणी उपसतो, तळ घासूनपुसून स्वच्छ करतो आणि नवे पाणी भरतो. पंधरा दिवसांत ते पुन्हा हिरवे होते. मग कोणी रॉकेल शिंपडण्याचा सल्ला देतो, कोणी कीटकनाशकाचा, तर कोणी बाजारातून मासे आणून सोडण्याचा. प्रत्येक उपायाने चार दिवस बरे वाटते आणि पाचव्या दिवशी दुखणे दुप्पट होऊन परत येते. अखेर वर्षभराने तळे बुजविले जाते आणि त्या जागी गुलाबाचा वाफा तयार होतो.

ह्या बुजविलेल्या तळ्याचा खरा दोष बहुधा एवढाच असतो, की त्याला पुरेसा अवधी मिळालेला नसतो. असे का व्हावे, हे समजून घ्यावयाचे तर पाण्यात राहणाऱ्या जीवांकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. कोणता जीव सुंदर आणि कोणता ओंगळ, कोणता उपयोगी आणि कोणता उपद्रवी, ही वर्गवारी माणसाची. तळ्याच्या दृष्टीने महत्त्वाची वर्गवारी दुसरीच आहे. काही जीव उतावळे असतात आणि काही संथ. पाणी हिरवे करणारे एकपेशीय शैवाल उतावळे. भरपूर ऊन आणि थोडे खत मिळाले, की त्याची संख्या एका दिवसात दुप्पट होऊ शकते. डास उतावळा. आपल्याकडील उकाड्यात अंड्यापासून पंख फुटेपर्यंत त्याला आठ-दहा दिवस पुरतात. उलट, डासांच्या अळ्या खाणारे चतुराचे पिल्लू पाण्यात कित्येक आठवडे, काही जातींत कित्येक महिने वाढत असते. कुमुदाचा कंद रुजून त्याची पाने पाण्यावर पसरावयास एक हंगाम लागतो. बेडूक तर पुष्कळदा दुसऱ्या वा तिसऱ्या पावसाळ्यात वस्तीस येतो. उतावळे आधी येतात आणि त्यांना आवरणारे संथ जीव मागाहून येतात. नव्या तळ्याची पहिली दोन वर्षे ही ह्या मधल्या अंतराची वर्षे होत.

पाण्यातील जीव एकमेकांच्या आधारे टिकून राहू शकतात, हे प्रयोगाने दाखविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. त्याने आपल्या प्रयोगाची हकीकत १८५० साली प्रसिद्ध केली. बारा गॅलनांच्या एका काचपात्रात त्याने वाळू, चिखल व दगड घातले, पाणी भरले, व्हॅलिस्नेरिया ही पाण्यात बुडून वाढणारी वनस्पती लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. वनस्पतीने प्राणवायू द्यावा आणि माशांनी तो घ्यावा, अशी ही दोघांची भागीदारी होती. वनस्पती उन्हात प्राणवायू सोडते, हे यान इंगेनहौस ह्याने १७७९ सालीच दाखवून दिले होते. तरीही वॉरिंग्टनचा जमाखर्च जमेना. जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवे किटण चढले. तेव्हा त्याने पात्रातले पाणी बदलले नाही. एका साध्या डबक्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून त्याने पात्रात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, किटण खरवडून काढले, आणि त्यांनी घातलेली अंडी माशांना खाद्य झाली. पाणी निवळले. दोघांचा न जमणारा संसार तिसऱ्याच्या येण्याने मार्गी लागला.

ह्या प्रयोगातून तळ्याच्या धन्याने घेण्याजोगा धडा असा, की समतोल म्हणजे सारे काही स्थिर असणे नव्हे. तळ्यात काही ना काही सदैव कुजत असते, कोणी कोणाला खात असते, कोणी जन्मत असते. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचे अन्न होतो, तेव्हा पाणी स्वच्छ दिसते. जेथे ही साखळी तुटते तेथे माल साचतो, आणि साचलेल्या मालावर प्रथम तुटून पडतात ते उतावळे.

ह्या साखळीतील सर्वांत महत्त्वाची कडी डोळ्यांना दिसतच नाही. मासे, बेडूक व कीटक ह्यांच्या मलमूत्रातून आणि कुजणाऱ्या पानांतून अमोनिया तयार होतो, आणि तो पाण्यातील प्राण्यांना विषासारखा असतो. मातीत, दगडांवर आणि वनस्पतींच्या देठांवर राहणारे काही जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात, आणि नायट्रेट वनस्पती शोषून घेतात. हे काम करणारे जीवाणू सर्गेई विनोग्राडस्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. हे जीवाणू फार सावकाश वाढतात. नव्या पाण्यात त्यांचा जम बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. तळ घासून, दगड धुऊन, सारे पाणी बदलून तळे ‘स्वच्छ’ करणारा मनुष्य नेमके ह्याच निमूट कामगारांना गटारात सोडून देत असतो. शिवाय नळाच्या पाण्यातील क्लोरिन उरल्यासुरल्यांनाही सुखाने राहू देत नाही. म्हणून नळाचे पाणी घालणे भागच असेल, तर ते एकदोन दिवस उघड्या पिंपात ठेवून मग थोडे थोडे घालावे. छपरावरून पन्हाळीने येणारे पावसाचे पाणी, पहिल्या सरींचे धुवण जाऊ दिल्यावर, सर्वांत उत्तम.

हिरव्या पाण्यावरचा उपायही असाच संथ आहे. शैवालाला ऊन आणि खत ह्या दोन गोष्टी लागतात. त्या दुसऱ्या वनस्पतींनी आधी हस्तगत केल्या, तर शैवाल उपाशी राहते. पाण्याच्या पृष्ठभागाचा अर्धा ते दोन तृतीयांश भाग कुमुदाच्या पानांनी झाकला जावा, पाण्याखाली हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया ह्यांच्यासारखी वनस्पती असावी, आणि काठाशी उथळ पाण्यात पाणकणसासारखी उंच वनस्पती असावी, पण तीही कुंडीत लावून आटोक्यात ठेवलेली. बागेला दिलेले खत वाहून तळ्यात येऊ नये, म्हणून तळ्याचा काठ भोवतालच्या वाफ्यांहून थोडा उंच ठेवावा. एवढे केल्यावर धीर धरावा. हिरव्या पाण्यात आपोआप डॅफ्निया नावाचे, राईच्या दाण्याहून मोठे नसलेले कवचधारी जीव वाढतात आणि शैवाल गाळून खातात. पाणी हिरवे झाल्याबरोबर जो ते ओतून देतो, तो शैवालाबरोबर त्याला खाणाऱ्यांनाही ओतून देतो.

वनस्पती प्राणवायू देते म्हणून ती जितकी अधिक तितकी चांगली, असेही समजू नये. सूर्य मावळल्यावर प्राणवायू निर्माण होणे थांबते, आणि वनस्पतीही माशांप्रमाणेच तो वापरू लागते. त्यामुळे तळ्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. त्यात कोमट पाण्यात तो विरघळतोही कमी. वीस अंश सेल्सिअसच्या एका लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच. वैशाखातल्या पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले, तर ते खेळत नसून गुदमरत आहेत, असे ओळखावे. अशा वेळी मूठ दोन मूठ वनस्पती काढून टाकणे आणि माशांना दिले जाणारे खाद्य बंद करणे, हा खरा उपाय होय. जे खाद्य मासे खात नाहीत ते कुजते, आणि कुजताना प्राणवायूच खाते.

आता प्रश्न डासांचा. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, तेव्हापासून साचलेल्या पाण्याकडे संशयाने पाहणे हे नागरिकाचे कर्तव्यच ठरले आहे. शहरांत हिवताप पसरविणारा अ‍ॅनॉफेलीस स्टिफेन्सी हा डास विहिरी, टाक्या व हौद ह्यांतील स्वच्छ संथ पाण्यात वाढतो. डेंग्यू पसरविणारा एडिस इजिप्ती कुंडीखालच्या ताटलीतही संसार थाटतो. तेव्हा तळ्याच्या धन्याने आपल्या शेजाऱ्यांच्या आरोग्याची जबाबदारी पत्करलेली असते, हे उघड आहे. परंतु हौद आणि तळे ह्यांत एक मोठा भेद आहे. हौदात डासांच्या अळीला शत्रू नसतो. तळ्यात तो पावलोपावली असतो. चतुर व टाचणी ह्यांची पिल्ले, पाणभुंगे आणि त्यांच्या अळ्या, उताणे पोहणारे कीटक, लांब पायांनी पाण्यावर सरकत जाणारे कीटक, ह्या सर्वांचे भक्ष्य तेच. म्हणून जिवंत तळ्यात डास अंडी घालीत नाही असे नव्हे, पण त्या अंड्यांतून पंख फुटेपर्यंत टिकून राहणारे फार थोडे.

अशा तळ्यावर रॉकेल शिंपडले किंवा कीटकनाशक टाकले म्हणजे काय होते? डासांच्या अळ्या मरतात, आणि त्यांना खाणारेही मरतात. पुढे मात्र दोघांची गती सारखी नसते. डास शेजारच्या गल्लीतून उडत येतो, अंडी घालतो, आणि दहा दिवसांत त्याची नवी पिढी तयार होते. चतुराचे पिल्लू त्या जागी पुन्हा वाढावयास दीड-दोन महिने किंवा अधिक काळ लागतो. मधल्या अवधीत डासाला ते तळे निर्वेध मिळते.

दोन्ही पक्षांना सारखा मार दिला असता फायदा भक्ष्याचाच होतो, भक्षकाचा होत नाही, हे तत्त्व गणिताने सिद्ध झालेले आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी मंदावली. युद्धानंतर उंबेर्तो दांकोना ह्या प्राणिशास्त्रज्ञाने व्हेनिस, त्रिएस्ते व फियुमे येथील मासळीबाजारांतील नोंदी तपासल्या. युद्धकाळात जाळ्यांत सापडलेल्या मासळीत दुसऱ्यांना खाऊन जगणाऱ्या माशांचे प्रमाण वाढलेले त्याला आढळले. मासेमारी थांबली तर सर्वांनाच सारखा लाभ व्हावा. मग भक्षकांनाच अधिक का? ह्या कोड्याचे उत्तर इटालियन गणिती व्हितो व्होल्तेरा ह्याने १९२६ साली मांडले. जाळे जेव्हा सरसकट सर्वांना ओढून नेते, तेव्हा भक्ष्याचे सरासरी प्रमाण वाढते आणि भक्षकाचे घटते. जाळे थांबले की उलट होते. अथांग समुद्राचा हा नियम सहा फुटी तळ्यालाही लागू पडतो. सरसकट मारणारे औषध हे डासाच्या शत्रूंसाठी टाकलेले जाळे ठरते.

मग धन्याने हातावर हात ठेवून बसावे काय? मुळीच नाही. आठवड्यातून एकदा त्याने पांढऱ्या वाडग्यात काठाजवळचे पाणी घेऊन पाहावे. पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी पहुडलेली अळी अ‍ॅनॉफेलीसची. शेपटीकडची नळी वर करून डोके खाली लोंबकळत ठेवणारी अळी क्युलेक्स किंवा एडिस जातीची. एखाददुसरी अळी दिसली तर काळजीचे कारण नाही. परंतु वाडग्यामागून वाडगा अळ्यांनी भरलेला येऊ लागला, आणि तळे नवे असल्यामुळे त्यात शत्रुवर्ग अजून जमला नसला, तर निवडक उपाय योजावा. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातील एका डबक्यात एक जीवाणू सापडला. बीटीआय ह्या नावाने ओळखला जाणारा हा जीवाणू डासांच्या आणि त्यांच्या काही निकटच्या आप्तांच्या अळ्यांनाच मारतो. मासे, बेडूक व चतुर ह्यांना त्याची बाधा होत नाही. सरसकट जाळे टाकण्याऐवजी नेमका काटा काढणारा असा हा उपाय आहे.

माशांविषयी मात्र विशेष सावधगिरी हवी. डासांवर उतारा म्हणून अमेरिकेतील गंबुसिया हा मासा १९२८ साली भारतात आणला गेला आणि गावोगावच्या विहिरी-तळ्यांत सोडला गेला. तो डासांच्या अळ्या खातो, हे खरे. पण तो चतुरांची कोवळी पिल्ले, बेडकांची पोरे आणि देशी माशांची अंडीही खातो. जगातील अत्यंत उपद्रवी अशा शंभर आगंतुक जीवांची यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघटनेने प्रसिद्ध केली आहे, तीत त्याचे नाव आहे. बंगालमधील लोक ज्याला ‘तेचोखा’ म्हणजे तीन डोळ्यांचा म्हणतात, त्या लहानशा देशी माशाच्या माथ्यावर मोत्यासारखा पांढरा ठिपका असतो. तो पृष्ठभागाशीच हिंडतो आणि डासांच्या अळ्या आवडीने टिपतो. ज्या भागात जो असा देशी मासा असेल तो, आणि तोही चार-सहाच, पुरेसा असतो. सोनेरी मासा दिसावयास देखणा, पण तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो आणि सापडेल ते गिळतो. ज्याला बेडूक व चतुर हवे असतील, त्याने तळ्यात मासे अजिबात न सोडणे हेच सर्वांत शहाणपणाचे.

जी गोष्ट माशांची तीच वनस्पतींची. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आली. पंधरवड्यात दुप्पट होण्याची ताकद असलेल्या ह्या वनस्पतीने बंगालमधील खाड्या, बिले आणि भातखाचरे अशी व्यापली, की तिच्या निर्मूलनासाठी १९३६ साली तेथे कायदा करावा लागला. आज देशातील कित्येक नद्या आणि तलाव तिच्याखाली झाकलेले आहेत. फुलाच्या हौसेचा हा परिणाम. म्हणून बागेतील तळ्यात परकी वनस्पती वा मासे आणू नयेत, आणि आणले असतील तर नकोसे झाल्यावर ते ओढ्यात वा नदीत कदापि सोडू नयेत. तळ्याची चूक कुंपणाच्या आत राहते. ओढ्यात गेलेली चूक परत आणता येत नाही.

मासे नसलेल्या तळ्यात बोलावण्यावाचून येणारे पाहुणे अनेक. ‘पँटाला’ जातीचा पिवळसर चतुर पावसाळ्यात तात्पुरत्या पाण्यात अंडी घालतो, आणि त्याची पिल्ले दीड-दोन महिन्यांत पंख फुटून बाहेर पडतात. पावसाळ्यानंतर ह्या जातीचे लक्षावधी चतुर हिंदी महासागर ओलांडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जातात, असे अनुमान चार्ल्स अँडरसन ह्या शास्त्रज्ञाने २००९ साली मांडले आणि ते आता बहुमान्य झाले आहे. परसातल्या तळ्याचा संबंध दूरच्या खंडाशी असा जुळतो. बेडूक उन्हाळाभर ओलसर मातीत दडून राहतो आणि पहिल्या पावसाबरोबर आवाज देतो. बेडकांच्या ह्या पुनरागमनावर ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक संबंध सूक्त आहे. परदेशी खवय्यांसाठी बेडकांचे पाय निर्यात करण्याचा धंदा मात्र देशात इतका वाढला होता, की अखेर १९८७ साली निर्यातीवर बंदी घालावी लागली. बेडकाला पाण्यात उतरण्यास आणि त्याच्या पिल्लांना बाहेर पडण्यास तिरका काठ लागतो. उभ्या सिमेंटच्या भिंतींचे तळे त्यांच्या दृष्टीने सापळाच ठरते. काठाशी दगडांची उतरण रचली, तर हा दोष सहज दूर होतो. घरात लहान मूल असल्यास पाण्यावर मजबूत जाळी अवश्य बसवावी.

एरवी धन्याचे वार्षिक काम थोडकेच असते. माघ-फाल्गुनात पानगळ होते, तेव्हा पाण्यावर पडलेली पाने रोज काढावीत. उन्हाळ्यात दख्खनसारख्या कोरड्या मुलखात आठवड्याला दोन-तीन बोटे पाणी आटते, तेवढेच हळूहळू भरावे. पावसापूर्वी खेड्यांत तलावांचा गाळ काढण्याची रीत आहे. तीच रीत येथेही पाळावी, पण एका वर्षी निम्म्याच तळ्याचा गाळ काढावा आणि उरलेल्याला पुढच्या वर्षापर्यंत हात लावू नये. काढलेली वनस्पती लगेच फेकून न देता एक रात्र काठावरच ठेवावी, म्हणजे तिच्यात अडकलेले जीव आपापल्या पायांनी पाण्यात परत जातात. ह्या दोन्ही रीतींचा हेतू एकच आहे. संथ जीवांचा काही अंश तळ्यात सदैव शिल्लक राहिला पाहिजे, कारण उतावळ्यांना पुन्हा बोलावण्याची गरज कधीच पडत नाही.

तिसऱ्या वर्षी असे तळे आपला जमाखर्च आपणच सांभाळू लागते. पाणी काचेसारखे स्वच्छ नसते, किंचित हिरवट-तपकिरी असते, पण तळाशी फिरणारी गोगलगाय त्यातून दिसते. संध्याकाळी दहा-वीस डास उठतात, आणि त्यांच्यामागे चतुर व वटवाघुळे येतात. मधूनच एखाद्या महिन्यात तोल ढळतो, पाणी पुन्हा हिरवे होते, आणि धन्याचा हात बादलीकडे जाऊ लागतो. त्या वेळी बादली खाली ठेवून आठ दिवस नुसते पाहत राहणे हीच तळ्याची खरी राखण होय.